हृदयाभोवतीचं लाल पाणी, उजव्या कप्प्यातली गाठ, आणि ‘आधी ऑपरेशन की आधी केमो?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची ताई ३४ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली. इकोत हृदयाभोवती पाणी दिसलं, नळी घालून काढलं, तर ते रक्तासारखं लाल निघालं. तपासणीत कर्करोगाच्या पेशी मिळाल्या नाहीत, म्हणून क्षयरोगाची औषधं आणि स्टेरॉइड सुरू झालं. सहा आठवड्यांत पाणी पुन्हा भरलं आणि या वेळी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत सुमारे ५ सेंटिमीटरची गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात आधी केमो. बायॉप्सीला घरच्यांचा विरोध आहे, कारण ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ असं कुणीतरी सांगितलंय. लाल पाणी कशामुळे आणि ‘किती दिवस?’ हेही त्यांनी विचारलंय. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: ‘ताईला अजून काही सांगितलेलं नाही.’

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षं कर्करोगाच्या रुग्णांची हृदयं बघणं हेच माझं मुख्य काम आहे. तुमच्या ताईंचे स्कॅन मी बघितलेले नाहीत, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालंय हे मी सांगू शकत नाही. पण तुम्ही ‘ऑपरेशन की केमो’ असं विचारलंय आणि माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की ही गाठ नक्की कशाची आहे? याचं उत्तर हातात नसताना ते दोघेही डॉक्टर अंदाजावर बोलताहेत. त्यांचा अंदाज चांगला असेल, तरी तो अंदाजच.

त्याआधी पाण्याबद्दल बोलते, कारण गाठीचा निर्णय आठवडाभर थांबू शकतो, पाणी थांबेलच असं नाही. हृदयाभोवतीच्या आवरणात एरवीही १५ ते ५० मिलिलिटर पाणी असतंच. ते हळूहळू वाढलं तर आवरण ताणत जातं आणि लिटरभर पाणीही माणूस काही काळ सहन करतो. तेच रक्तस्रावाने झपाट्याने भरलं तर दीडदोनशे मिलिलिटर पुरतात. बाहेरून दाब आला की उजवे कप्पे पुरते फुलत नाहीत, रक्त आत यायलाच जागा उरत नाही. आडवं झोपता न येणं, मानेच्या शिरा टम्म फुगणं, नाडी जलद आणि रक्तदाब उतरत जाणं, हातपाय गार पडणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत न्या. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. पाय सुजले म्हणून घरी उरलेली लघवीची गोळी स्वतःहून देऊ नका. दाबाखाली असलेलं हृदय शिरांमधून येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालत असतं. ते रक्त कमी केलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

लाल पाण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. सुई आत गेल्यावर सिरिंजमध्ये लालभडक द्रव आला की आमचाही हात क्षणभर थबकतो. हे आवरणातलं, की सुई कप्प्यात शिरली? जुनी पद्धत अशी, की त्यातलं थोडं गॉजवर टाकायचं आणि बघत राहायचं. हृदयाच्या हालचालीत बरेच दिवस घुसळलं गेलेलं रक्त सहसा गोठत नाही, ते गॉजमध्ये पसरत जातं. कप्प्यातल्या ताज्या रक्ताची थोड्या वेळात गुठळी होते. पण रक्तस्राव नुकताच झाला असेल तर ही खूण फसवते, म्हणून आता आम्ही सुईतून थोडं फेसाळलेलं सलाइन सोडतो आणि इकोच्या पडद्यावर पांढरे बुडबुडे कुठे उमटतात ते बघतो. आवरणात उमटले की जीव भांड्यात पडतो आणि मग नळी सरकवतो. असं खरोखरच रक्ताळलेलं पाणी क्षयरोगात येतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे येतं, मूत्रपिंड निकामी झाल्यावर येतं, आणि कर्करोगातही येतं. त्यामुळे आधीच्या डॉक्टरांनी क्षयरोगाचा विचार केला यात वावगं काही नव्हतं.

अडचण त्यापुढची आहे. ‘पाण्यात कर्करोगाच्या पेशी नाहीत’ याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींपासून होणारा अँजिओसार्कोमा आवरणात रक्त ओततो, पण त्याच्या पेशी पाण्यात सुटून येतीलच असं नाही. बऱ्याचदा येत नाहीतच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण रुग्णाच्या पाण्याचे दोन रिपोर्ट असेच निर्दोष आले आणि मी त्यावर विसंबले. पाणी तिसऱ्यांदा भरलं तेव्हा एमआरआय केला, तोवर फुप्फुसात ठिपके दिसत होते. एमआरआय दुसऱ्या खेपेलाच करायला हवा होता. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. लाल पाणी दुसऱ्यांदा भरलं आणि कारण हातात नाही, की पुढचा मुक्काम एमआरआय.

पाण्यातलं एडीए (एक एन्झाइम) वाढलं होतं म्हणून क्षयरोगाचं निदान पक्कं मानलं असेल, तर तेही पुन्हा तपासा. एडीए क्षयरोगात वाढतं, तसंच ते लिम्फोमात (लसिका पेशींच्या कर्करोगात) आणि इतर काही आजारांतही वाढू शकतं. मात्र क्षयरोगाची औषधं परस्पर बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. फक्त त्यांतलं रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर ते केमो देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. हे औषध यकृताला इतर अनेक औषधं भराभर मोडायला लावतं आणि त्यांचा परिणाम कमी होतो. स्टेरॉइडचंही तसंच. गाठ लिम्फोमाची असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती आकसते आणि नेमक्या त्या दिवसांत घेतलेल्या तुकड्यातून पॅथॉलॉजिस्टला काहीच ठाम सांगता येत नाही. कधी सुरू केलं, किती मात्रा होती, हे तारखेसकट लिहून ठेवा.

आता गाठीकडे. हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी मुळात फार विरळ, आणि त्यांतल्या साधारण चारपैकी तीन कर्करोगाच्या नसतात. मोठ्या माणसांत सगळ्यांत जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे मिक्झोमा. ती बहुतेक वेळा डाव्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकलेली असते. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात बहुतांश सार्कोमा, म्हणजे स्नायू, रक्तवाहिन्या अशा ऊतींचे कर्करोग, आणि त्यांत अँजिओसार्कोमा आघाडीवर. तो बहुधा उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत असतो, आवरणात शिरतो, आणि तिशी ते पन्नाशीतल्या माणसांना गाठतो. तुमचं वर्णन या चित्राशी जुळतं, हे मी लपवणार नाही. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. दुसऱ्या अवयवातून पसरून हृदयात आलेला कर्करोग हा हृदयात सुरू झालेल्या कर्करोगापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. रक्ताची जुनी गुठळी गाठीसारखी दिसते. आवरणाचा मेसोथेलिओमा (त्याच्या अस्तराचा कर्करोग) असतो, तो पाणी भरतो आणि हृदयाला कवचासारखा आवळतो. आणि लिम्फोमा असतो.

लिम्फोमावर मी मुद्दाम थांबते. तोही उजव्या वरच्या कप्प्यातच बसायला आवडीने येतो, तोही पाणी भरतो, आणि स्कॅनवर सार्कोमाइतकाच अक्राळविक्राळ दिसतो. एका रुग्णाची उजवी बाजू त्याने जवळजवळ भरून गेली होती, शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. मानेच्या शिरेतून घेतलेल्या तुकड्यात मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा निघाला. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर इको करताना मी यंत्राची सेटिंग दोनदा तपासली, कारण गाठ दिसतच नव्हती. त्या माणसाची छाती उघडली असती तर तो एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून विनाकारण गेला असता आणि ज्या औषधाने तो बरा झाला ते मिळायला कित्येक आठवडे उशीर झाला असता. ‘आधी नाव’ हा माझा हट्ट अशा रुग्णांमुळे आहे.

तपासण्यांचा क्रम मी साधारण असा लावते. छातीवरून केलेला इको झालाच आहे, अन्ननलिकेतून केलेला इको गाठ कुठे चिकटलीय आणि झडपेच्या किती जवळ आहे हे दाखवतो. हृदयाचा एमआरआय सगळ्यांत बोलका. त्यात गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य दिल्यावर गुठळीत सहसा रक्तपुरवठा दिसत नाही, जिवंत गाठीत दिसतो. अँजिओसार्कोमात आत जागोजागी रक्तस्राव झालेला असतो, त्यामुळे तो फुलकोबीच्या गड्ड्यासारखा गाठाळ दिसतो. आवरणभर पसरला असेल तर सूर्यकिरणांसारख्या रेघा उमटतात. हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून केलेला सीटी उजवी कोरोनरी धमनी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी) गाठीत अडकलीय का ते सांगतो, सर्जनला ही माहिती सोन्यासारखी असते. पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढलेला स्कॅन, बाकी शरीर बघण्यासाठी. त्याच्या आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ टाळून मग लांब उपाशी राहायला सांगतात, ते मनापासून पाळा. नाहीतर निरोगी हृदयच साखर खेचून पडद्यावर उजळतं आणि गाठ त्यात हरवते. मेंदूचा एमआरआय वेगळा करावा लागतो.

बायॉप्सी. तुमच्या घरच्यांची भीती मी रोज ऐकते आणि तिला उडवून लावत नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची शक्यता शून्य नसते. पण अँजिओसार्कोमा रक्तवाहिन्यांचाच कर्करोग आहे, तो रक्तातून पसरायला सुईची वाट बघत नाही. निम्म्याहून जास्त रुग्णांत निदान होतं तेव्हाच तो फुप्फुसात किंवा इतरत्र पोचलेला असतो. चुकीच्या नावाने केलेल्या उपचाराचं नुकसान सुईच्या जोखमीपेक्षा खूप मोठं आहे. खरी जोखीम वेगळी असते: भिंत फाटून रक्तस्राव, ठोक्यांची लय बिघडणं, तुकडा सुटून फुप्फुसात जाणं. म्हणून ती अनुभवी हातांनी, इको चालू ठेवून, गरज पडल्यास छाती उघडायची तयारी असलेल्या ठिकाणीच व्हावी. उजव्या बाजूच्या गाठीला मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून पोचता येतं. पेट-सीटीत फुप्फुसात किंवा यकृतात सोपी जागा सापडली तर तुकडा तिथूनच घ्यायचा, हृदयाला हात लावायची गरज नाही. डाव्या बाजूची गोष्ट निराळी. तिथला तुकडा सुटला तर थेट मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणून तिथे बऱ्याचदा सरळ शस्त्रक्रिया करून मग नाव कळतं. आणि रक्तदाब अधूनमधून उसळत असेल, धडधड, घाम येत असेल, तर सुई घालण्याआधी पॅरागँग्लिओमाची (अॅड्रेनालिनसारखी हॉर्मोन्स सोडू शकणाऱ्या गाठीची) रक्त-लघवीची तपासणी करून घ्या. ती गाठ रक्ताने इतकी भरलेली असते की न विचारता टोचली तर संकट ओढवतं.

तुकडा मिळाला की तो अशा गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडेही जाऊ द्या. सीडी३१ आणि ईआरजी हे रंग अँजिओसार्कोमाकडे बोट दाखवतात, सीडी२० लिम्फोमाच्या बी पेशींकडे, कॅलरेटिनिन मेसोथेलिओमाकडे. दुसरं मत घेताना नुसता रिपोर्टचा कागद पाठवून भागत नाही. मेणाचा ब्लॉक, काचपट्ट्या आणि स्कॅनच्या मूळ फाइलींची सीडी मागून घ्या. त्या मागण्यात संकोच कसला?

इथवरचं गोळा करते: पाणी पुन्हा दाब देतंय का ते आज बघायचं, एमआरआय आणि पेट-सीटी या आठवड्यात, त्यांच्यावरून तुकडा घ्यायची जागा ठरवायची, आणि मग हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर व पॅथॉलॉजिस्ट यांनी एका टेबलाशी बसून क्रम लावायचा.

समजा नाव अँजिओसार्कोमाच निघालं आणि तो अजून पसरलेला नाही. मग तुमच्या मूळ प्रश्नाला अर्थ येतो. आयुष्य वाढवणारी गोष्ट म्हणजे गाठ पूर्ण निघणं, कडेलाही पेशी न उरता. उजव्या बाजूचा अँजिओसार्कोमा भिंतीत मुळ्यांसारखा शिरतो, त्याची खरी कड डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत काहीतरी मागे राहण्याची शक्यता मोठी. ह्यूस्टनमध्ये अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पथकाने आधी काही फेऱ्या केमो, मग शस्त्रक्रिया हा क्रम रुळवला. गाठ आकसली तर कड मोकळी मिळण्याची शक्यता वाढते आणि गाठ औषधाला दाद देते का, हेही कळतं. केमो चालू असतानाच फुप्फुसात नवे ठिपके आले तर वाईट वाटतं, पण छाती उघडण्याआधी ते कळलं, रुग्ण निष्फळ शस्त्रक्रियेतून वाचला. माझा कल म्हणून उजव्या बाजूला, रुग्ण स्थिर असेल तर, आधी केमोकडे आहे.

हा कल बदलतो तो परिस्थितीने. गाठ झडपेच्या तोंडाशी अडून रक्तप्रवाह थांबवत असेल, भिंतीतून रक्त गळायचं थांबत नसेल, किंवा सार्कोमा डाव्या बाजूला असून फुप्फुसात पाणी साचत असेल, तर केमोला वेळच नसतो. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी यापैकी काही पाहिलं असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना एवढंच विचारा: ‘लगेच का? आणि गाठ पूर्ण निघेल असं तुम्हाला स्कॅनवर कशावरून वाटतं?’ गाठ आधीच पसरली असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेने सहसा फायदा होत नाही. शस्त्रक्रियेत कप्प्याची भिंत कापून त्या जागी गुराच्या हृदयावरणाचं ठिगळ लावतात, कधी झडप बदलतात, उजव्या कोरोनरीला बायपास करतात. डाव्या बाजूला मागच्या भिंतीपर्यंत हात पोचत नाही म्हणून हृदय बाहेर काढून, गाठ कापून, तेच हृदय परत बसवण्याची शस्त्रक्रिया डेंटन कूली यांनी १९८५ मध्ये केली होती. आजही ती मोजक्या ठिकाणीच होते. दुसऱ्याचं हृदय बसवण्याबद्दल अनेक जण विचारतात. नवं हृदय टिकवायला प्रतिकारशक्ती दाबावी लागते आणि दडून राहिलेल्या पेशींना त्याने रान मोकळं होतं, म्हणून इतक्या आक्रमक गाठीत तो मार्ग क्वचितच घेतात.

केमोत डॉक्सोरुबिसिन, बऱ्याचदा आयफॉस्फमाइडच्या जोडीने, किंवा दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल देतात. इथे माझं काम सुरू होतं, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूलाच थकवतं. त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा मोजून ठेवावी लागते, शरीराच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आसपास धोका झपाट्याने वाढतो. म्हणून सुरुवातीला आणि मधूनमधून इको, आणि ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी. दोन बारीक गोष्टी माझ्या नजरेतून सुटू देत नाही. केमोसाठी पोर्ट (औषध मोठ्या शिरेत सोडायला त्वचेखाली बसवायची छोटी डबी) बसवताना त्याच्या नळीचं टोक उजव्या कप्प्यातल्या गाठीला घासता कामा नये, हे बसवणाऱ्याला आधी सांगावं लागतं. आणि गुठळीच्या शंकेने रक्त पातळ करणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर लाल पाणी भरणाऱ्या रुग्णात दहादा विचार करावा लागतो.

रेडिएशनला हृदय सतत हलतं हीच अडचण आणि निरोगी स्नायूला किती किरण झेपतील याला मर्यादा. कडेला काही राहिलं असेल किंवा शस्त्रक्रिया शक्य नसेल तर गाठ रोखून धरायला ते वापरतात. पाणी वारंवार भरत असेल तर आवरणाला छोटी खिडकी पाडून देता येते. त्याने गाठ बरी होत नाही, पण ताई रात्री आडव्या झोपू शकतात. दुखणं, धाप, भीती यांवर काम करणारं पॅलिएटिव्ह पथक पहिल्या महिन्यातच सोबत घ्या, शेवटची पायरी म्हणून नव्हे.

‘किती दिवस?’ हेही तुम्ही विचारलंय. अँजिओसार्कोमात उपचारांशिवाय आयुष्य महिन्यांत मोजलं जातं, आणि उपचारांनंतरही बहुतेक रुग्णांत ते एक-दोन वर्षांच्या आसपास राहतं. गाठ न पसरता सापडली आणि पूर्ण निघाली तर त्याहून जास्त जगलेले रुग्ण मी पाहिले आहेत, पण ते थोडे आहेत. लिम्फोमा निघाला तर हा परिच्छेद पूर्ण विसरा, त्याचं गणितच वेगळं. घराण्यात आणखी कुणाला तरुणपणी सार्कोमा झाला असेल तर तेही सांगा. पीओटी१ नावाच्या जनुकातल्या बिघाडाने काही कुटुंबांत हृदयाचा अँजिओसार्कोमा झालेला आढळलाय, अशा वेळी तुमचीही तपासणी सुचवता येते.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ. ताईंना सांगा. सगळं एका दिवशी नको, आकडे त्यांनी विचारल्याशिवाय नकोत, पण गाठ आहे आणि तिचं नाव शोधतोय एवढं या आठवड्यातच सांगा. याला भावनेपलीकडचं एक कारण आहे. त्या ३४ वर्षांच्या आहेत आणि ही केमो बीजकोशांवर परिणाम करते. अंडी गोठवून ठेवायची असतील तर ते केमोच्या पहिल्या फेरीआधी करावं लागतं, साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ त्यांच्या हृदयाला आहे की नाही, त्यातल्या हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी गुठळीचा धोका वाढतो तो परवडेल का, हे आम्हाला आधी बघावं लागतं. हवं की नको हे फक्त त्याच सांगू शकतात, आणि ज्या आजाराबद्दल त्यांना ठाऊकच नाही त्याबद्दल मी त्यांना हा प्रश्न कसा विचारू? पुढच्या भेटीला त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका. आत घेऊन या, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर त्यांना बसू द्या.